पोयिंदी

आमच्या घरी दूध उतू गेलं की माझी लेक गॅसकडे धावत नाही, जागेवरूनच ओरडते, "पोयिंदी!" सासूबाई पहिल्यांदा दचकल्या होत्या. आता त्याही म्हणतात. परवा त्यांच्या हातून चष्मा पडला, तर उचलायच्या आधी त्यांनीच जाहीर केलं, पोयिंदी. मिरजेतल्या आमच्या घरात तेलुगू कोणाला येत नाही. हा एवढा एकच शब्द येतो, आणि तो टेनिसमधून आला आहे. अर्थ सोपा. गेलं. हातातून, पातेल्यातून, रेषेबाहेर, कसंही, गेलं.

तो आला सोलापूरहून, चौदा वर्षांखालील मुलींच्या एका स्पर्धेतून, तोही दुहेरीतून. खरं सांगायचं तर दुहेरीसाठी आम्ही गेलोच नव्हतो. दुहेरीसाठी कोणीच जात नाही. ज्युनिअर टेनिसचा सगळा प्रपंच एकेरीवर चालतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनिअर क्रमवारीत एकेरीतल्या सर्वोत्तम सहा निकालांचे गुण पुरते धरतात आणि दुहेरीतल्या सर्वोत्तम सहांचे फक्त पंचवीस टक्के. माझी लेक त्या क्रमवारीच्या जवळपासही नाही, तिची धाव अजून राज्यापुरती. पण हा हिशोब पालकांच्या डोक्यात पोरं रॅकेट धरतात तेव्हापासून बसलेला असतो. एकेरी म्हणजे रुपया, दुहेरी म्हणजे चार आणे. एकेरीत पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागला तर लॉजचे पैसे अगदीच वाया जाऊ नयेत, म्हणून दुहेरीत नाव टाकायचं.

मी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे, त्यामुळे हा हिशोब मला जरा जास्तच लवकर कळला. माझ्याकडे एक वही आहे, लांबट, खाकी पुठ्ठ्याची. तिच्यात एंट्री फी, गटिंग (रॅकेटच्या तारा), बॉलचे डबे, बूट (हा रकाना वर्षातून तीनदा तरी भरतो), एसटी, लॉज, जेवण असं सगळं लिहिलेलं असतं. नवरा म्हणतो, बेरीज करू नकोस. मी करते. कॅशियरला बेरीज न केलेलं पान रात्री झोपू देत नाही.

तर ऑक्टोबरातली गोष्ट. पहाटेची एसटी. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून माझ्या वहीतला एसटीचा रकाना जरा सुखावला आहे. किटबॅग बघून कंडक्टरने विचारलं, "तंबोरा आहे काय?" मिरजेत पाठीवर लांबट पिशवी दिसली की माणसाच्या मनात दुसरं काही येत नाही. लेक म्हणाली, टेनिस. तो म्हणाला, "बरं. मांडीवर घ्या मग, तंबोऱ्याला सीट दिली असती." कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा. सांगोल्याला डाळिंबं चढली, मंगळवेढ्याला ज्वारीची पोती टपावर चढवायचा वाद झाला. सोलापुरात उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आणि लेकीचा एकेरीचा सामना दीड तासावर आलेला. तो ती हरली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. समोरची मुलगी चांगली होती.

मग दुहेरीची साइन-इन. रेफरीच्या टेबलावर एक कागद असतो. ठरलेल्या वेळेच्या आत दोघींची नावं जोडीने त्यावर लागली पाहिजेत. ज्यांच्या जोड्या अकादमीतच ठरलेल्या असतात त्या मुली येतात, सही करतात, आइस्क्रीम खायला जातात. उरलेल्यांच्या आयांचं आणि बापांचं तिथे वधूवर सूचक मंडळ भरतं. मुलगी कुठली? उंची किती? सर्व्हिस कशी? नेटला जाते का? रँकिंग? स्वभाव मात्र कोणी विचारत नाही, तेही लग्नासारखंच.

मंडळात मीही उभी होते. एक गृहस्थ आले. पायात स्लीपर, खांद्यावर टॉवेल, गळ्यात शिट्टी. म्हणाले, "ताई, आमच्या पोरीला पार्टनर नाही. घ्या की." ते त्या कोर्टांवर मार्कर होते. टेनिसच्या बाहेरच्यांना हा शब्द माहीत नसतो. मार्कर म्हणजे पहाटे येऊन जाळ्या बांधणारा, कोर्ट झाडणारा, पाऊस पडला तर पाणी ओढून काढणारा, आणि सभासद डॉक्टर-वकिलांना जोडीदार मिळाला नाही तर समोर उभं राहून त्यांच्या अंगावर येतील असे सोपे चेंडू देणारा माणूस. यातले कित्येक जण सभासदांपेक्षा दसपट चांगलं खेळतात आणि रोज त्यांच्याकडून हरतात. त्यांची मुलगी बॉल गोळा करता करता शिकलेली. डावखुरी, काटकुळी, रॅकेटच्या मुठीला तीन वेगवेगळ्या रंगांची ग्रिप. रँकिंग नाही. स्पर्धाच दुसरी.

तिचं नाव इथे लिहीत नाही, लहान आहे. लेकीची पार्टनर म्हणते, झालं.

मी लगेच हो म्हटलं नाही. "सरांना विचारून सांगते," असं म्हणून साइन-इन बंद व्हायला पाच मिनिटं उरेपर्यंत कोणी बरी मिळते का ते बघत राहिले. कोणी मिळाली नाही. मग हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ जोड्यांचा ड्रॉ लागला, म्हणजे पहिलाच सामना उपांत्यपूर्व. (बातमी लिहायला हे बरं असतं. 'उपांत्यपूर्व फेरीत धडक.' एकही सामना न जिंकता.) समोर पुण्याच्या दोघी, एकाच अकादमीच्या, एकसारखे स्कर्ट, दर पॉइंटआधी पाठीमागे बोटांच्या खुणा. आमच्या दोघींनी एकमेकींना एकूण वीस मिनिटं पाहिलेलं.

टेनिसचं कोर्ट अठ्ठ्याहत्तर फूट लांब. एकेरीसाठी रुंदी सत्तावीस फूट, दुहेरीसाठी छत्तीस. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. तिला ॲली म्हणतात, म्हणजे गल्लीच. माझी इतके दिवस समजूत होती की दुहेरीत या गल्ल्या सांभाळायच्या असतात. त्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं की भानगड मधे असते. दोघींच्या बरोबर मधून जाणारा चेंडू. तो दोघींचा असतो, म्हणून कोणाचाच नसतो.

शिवाय आमच्याकडे एक तांत्रिक घोळ होता, तो मला नंतर कळला. लेक उजव्या हाताने खेळणारी, ती डाव्या अर्ध्यात उभी. पार्टनर डावखुरी, ती उजव्या अर्ध्यात. म्हणजे दोघींचा फोरहँड, रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका, मधल्या बाजूला. मधे चेंडू आला की दोघीही आपला भरवशाचा फटका मारायला झेपावायच्या. रॅकेटवर रॅकेट. एकदा तर लेकीच्या कोपराला लागलं. आणि बाहेरच्या बाजूने सर्व्हिस आली की दोघींच्या वाट्याला बॅकहँड, म्हणजे उलट्या बाजूचा फटका, तो दोघींचाही कच्चा. पुण्याच्या मुलींनी हे दुसऱ्याच गेममध्ये ओळखलं आणि मग त्या तिथेच सर्व्हिस टाकत राहिल्या.

आणि दर चुकीनंतर एक शब्द. सॉरी. चेंडू नेटमध्ये गेला, सॉरी. डबल फॉल्ट, सॉरी. पार्टनरची चूक असली तरी माझ्या लेकीचं सॉरी. समोरून सरळ विनर गेला, ज्यावर कोणीच काही करू शकलं नसतं, त्यावरही सॉरी. मी वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा मारायला सुरुवात केली. बँकेतली सवय, पाच झाल्या की आडवी. पहिला सेट ६–१ गेला तेव्हा लेकीच्या नावावर एकोणीस सॉऱ्या होत्या, पार्टनरच्या नावावर चार. तेरा सॉऱ्या तर अशा होत्या की पॉइंट संपायच्या आत म्हटलेल्या.

हे कुठून आलं ते मला माहीत आहे. सर्व्हर डाउन झाला की काउंटरवर मी सॉरी म्हणते, जणू केबल मीच कुरतडली. स्पर्धेसाठी रजा मागताना साहेबांना सॉरी, जाताना सासूबाईंना, परत येऊन सासूबाईंना, कारण तोवर त्यांनी पोळ्या केलेल्या असतात. पलीकडच्या कोर्टवर मुलांची दुहेरी चालू होती. एकाने सोपी व्हॉली घालवली आणि पार्टनरकडेच डोळे वटारून पाहिलं, तू तिथे का उभा होतास म्हणून. ते बरं असं नाही. पण त्याची वही कोणी लिहीत नसणार.

एकेरीत चूक झाली तर ती आपल्यापुरती राहते. फार तर रॅकेट आपटायची, घरी येऊन उशीत डोकं खुपसायचं. दुहेरीत आपल्या चुकीचं माप दुसरीच्या पदरात पडतं, आणि ती दुसरी दोन हातांवर उभी असते, घामाने भिजलेली, तुमच्याकडे बघत. तेरा वर्षांच्या मुलीला हे झेपतं कसं, ते बघायला खरं म्हणजे तिकीट लावायला हवं. पण प्रेक्षकांत आम्ही पाच पालक, एक बर्फाचा गोळेवाला आणि कुत्रं.

पालकांना बोलायची परवानगी नसते. खुणाही करायच्या नसतात. लोक करतात. टोपी उलटी केली म्हणजे नेटला जा, पाण्याची बाटली उघडली म्हणजे सावकाश खेळ, असले संकेत मी स्पर्धांमधून पाहिले आहेत. मी करत नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. मला येतंच नाही. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई लीला राव. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृतात लिहिणाऱ्या विदुषी, आणि त्या स्वतः टेनिसच्या स्पर्धा खेळलेल्या. लेकीची सर्व्हिस का चुकली ते त्या आईला दिसत असणार. मला फक्त चुकली एवढं दिसतं.

सेट संपल्यावर दोन मिनिटांचा अवकाश असतो. बाकावर बसून पार्टनर लेकीच्या कानाशी काहीतरी बोलली. तिचे वडील शेजारच्या कोर्टची जाळी घट्ट करत होते. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, किंवा पाहिलं असेल तर मला दिसलं नाही. दोघी उठल्या आणि जागा बदलून उभ्या राहिल्या. सर्व्हिस घेणाऱ्या जोडीने सेटच्या सुरुवातीला धरलेल्या बाजू सेटभर बदलता येत नाहीत. नव्या सेटला येतात. पार्टनरला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिने कोर्टाच्या कडेला बसून पाहिलं होतं. डॉक्टर-वकील बदलतात की, म्हणाली नंतर.

आता दोघींचे फोरहँड बाहेरच्या बाजूला. गल्लीकडे येणाऱ्या सर्व्हिस दणक्यात परत जायला लागल्या. मधे मात्र दोघींचे बॅकहँड, त्यामुळे मधला चेंडू कोणाचा ते बोलूनच ठरवायला हवं. "माझा!" "तुझा!" "सोड!" पहिल्या सेटमध्ये मुक्या असलेल्या दोघींना कंठ फुटला. आणि घाईघाईत पार्टनरच्या तोंडून घरची भाषा निघाली. सोलापुरात हातमागाच्या मागे मागे तेलंगणातून आलेली घरं पिढ्यानपिढ्या आहेत. शाळा मराठी, बाजार हिंदी-मराठी-कानडी, आणि चुलीपाशी तेलुगू. लेकीच्या डोक्यावरून लांब चाललेला चेंडू बघून ती मागून ओरडली, "पोयिंदी!"

लेकीने तो मारला. मारला नसता तर हातभर बाहेर पडला असता. मारल्यामुळे नेटमध्ये गेला.

"काय म्हणालीस?"

"गेला म्हणलं. बाहेर."

पुढच्या वेळी लेकीने रॅकेट मागे घेतली आणि खाली वाकली. चेंडू रेषेच्या वीतभर बाहेर. मग तो शब्द चालू पडला. मराठीत 'आउट' म्हणायला हरकत नव्हती, पण 'आउट' हा निकाल वाटतो, आणि 'सोड' ही आज्ञा. पोयिंदीमध्ये भविष्यवाणी आहे. अजून गेला नाही, पण गेलाच समज.

चारेक गेमनंतर पुण्याच्या मुलींनी हात वर केला. या कोड लँग्वेजमध्ये बोलतायत. फिरते पंच आले. अशा स्पर्धांत अंतिम सामना सोडला तर खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूच्या रेषा मुली स्वतःच बघतात, शंका आली तर चेंडू आत धरायचा, आणि भांडण झालं की फिरत्या पंचांना हाक. पंचांनी विचारलं, कधी बोलली? नियम असा आहे की चेंडू आपल्याकडे येत असताना जोडीदाराशी बोलायला मोकळीक आहे. आपण मारलेला चेंडू पलीकडे जात असताना बडबड केली तर तो अडथळा ठरू शकतो. हिने तर चेंडू येतानाच हाक दिलेली. पंच म्हणाले, मग चालतं, भाषा कुठली ते नियमात नाही. पुण्याच्या एका आईने माझ्याकडे बघून विचारलं, "कानडी आहे का?" मी म्हटलं, "तेलुगू." म्हणताना मला का कोण जाणे अभिमान वाटला. माझं त्यात काय होतं?

दुसरा सेट ६–४ असा आमचा. माझ्या पानावर तीन रेघा, तीनही लेकीच्या. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक.

इथे जरा थांबते, कारण त्या दोन मिनिटांत मला २००३ साल आठवलं. मी कॉलेजात होते. वर्तमानपत्रात सानिया मिर्झाचा फोटो आलेला, विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीची विजेती. सोळा वर्षांची. शेजारी एक गोबरी रशियन मुलगी. आम्ही सगळ्यांनी सानियाचंच नाव लक्षात ठेवलं. त्या दुसरीचं, अलिसा क्लेबानोवाचं, वय मी अलीकडे पाहिलं तेव्हा चाट पडले. चौदावा वाढदिवस यायला तिला काही दिवस बाकी होते. म्हणजे माझ्या लेकीएवढी. अंतिम सामन्यात या दोघी पहिला सेट २–६ हरल्या होत्या, मग ६–३, ६–२ अशा जिंकल्या. आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, श्रीरामपूरची ऋतुजा भोसले रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली तो सामनाही २–६, ६–३ असाच सुरू झालेला, आणि सुपर टायब्रेक १०–४. आकड्यांत काही अर्थ असतो असं नाही. पण दोन वेगळ्या खात्यांवर सारखीच रक्कम दिसली की कॅशियरची नजर अडखळते. हैदराबादची सोळा वर्षांची आणि मॉस्कोची तेरा वर्षांची, २–६ झाल्यावर बाकावर बसून काय बोलल्या असतील? कुठल्या इंग्रजीत?

टायब्रेकमध्ये ७–७. लेकीने नेटवर धाव घेतली, चेंडू रॅकेटच्या काठाला लागून थेट बर्फाच्या गाडीकडे गेला. ७–८. मी पेन टेकवून बसले. ती वळली, तोंड उघडलं, आणि मिटलं. पार्टनरने रॅकेटचं टोक तिच्या रॅकेटला टेकवलं. बस. पुढचे तीन पॉइंट आमचे, शेवटचा पोयिंदीवर: चेंडू उंच, ऊन डोळ्यांत, दोघी खाली बसलेल्या, आणि चेंडू मागच्या जाळीवर धप्प. १०–८. टायब्रेकच्या खाली माझ्या पानावर एकही रेघ नव्हती.

संध्याकाळी त्यांच्या घरी जेवायला गेलो. नको म्हणत होते, पण मार्करसाहेब म्हणाले, "लॉजवर काय खाणार ताई, चला." दोन खोल्या. पार्टनरची आई विड्या वळत बसलेली, मांडीवर सूप, आणि बोलताना बोटं थांबत नव्हती. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. मी नोटा मोजते तेव्हा माझीही बोटं अशीच आपापली चालतात, तोंड ग्राहकाशी बोलत असतं. दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत होतो. चिंचेचा भात होता, आणि शेंगाचटणी, भाकरी.

त्यांनी विचारलं, "आज जिंकल्या, त्याचं काय मिळतं?"

"पॉइंट मिळतात."

"किती?"

मी सांगायला गेले की दुहेरीचे मिळतात पण मोजताना पावच धरतात, आणि ते सांगता सांगता मला स्वतःलाच ते विचित्र वाटलं. त्या म्हणाल्या, "दोघी खेळल्या तर अर्धं तरी धरायचं की." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भात वाढून घेतला.

उपांत्य सामना दुसऱ्या दिवशी ६–२, ६–३ असा हरलो. समोर पहिली मानांकित, म्हणजे सर्वांत वरच्या रँकिंगची, जोडी होती. त्यांच्यापुढे फारसे चेंडू बाहेर जातच नव्हते, पोयिंदी म्हणायला वाव नव्हता.

परतीच्या एसटीत मंगळवेढा गेल्यावर मी विचारलं, सेट संपल्यावर ती कानात काय बोलली? लेक खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "ती म्हणाली, तू सॉरी म्हणलीस की मला दर वेळी इट्स ओके म्हणावं लागतंय. दम लागतोय मला. नको म्हणू."

मी ते वहीत लिहून ठेवलं, सॉऱ्यांच्या रेघांखाली. बेरीज केली नाही.

ही गोष्ट इथे संपवली असती तर मी लेखात बरी दिसले असते. पण पुढे कोल्हापूरची स्पर्धा होती, साधारण दीड महिन्याने. पंधरा दिवस आधी मार्करसाहेबांचा मेसेज आला: "ताई, डबल्सला आपल्या दोघीच ना?" मी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. कारण त्याच आठवड्यात एका मुलीच्या आईचा फोन आलेला. तिचं रँकिंग चांगलं. दुहेरीत प्रवेश आणि मानांकन दोघींचं रँकिंग मिळून ठरतं. तिच्याबरोबर लेक मानांकनात आली असती, आमच्या जोडीला मात्र ड्रॉमध्ये जागा मिळेल की नाही याचीच शंका. मी वही काढली. कोल्हापूर जवळ असलं तरी दोन दिवसांचा खर्च होताच. रात्री मी मेसेज लिहिला: "सरांनी या वेळी दुसरी जोडी ठरवली आहे." सरांनी काहीच ठरवलं नव्हतं. सरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. उत्तर आलं, "काही हरकत नाही ताई," आणि जोडलेले हात. लेकीला मी म्हटलं, त्यांचं यायचं नक्की नाही.

जोड्या मोडतातच, असं मी स्वतःला समजावलं. दाखले हाताशी होते. सानियाने विम्बल्डनचं महिला दुहेरीचं विजेतेपद बारा वर्षांनी, २०१५ मध्ये मिळवलं ते मार्टिना हिंगिसबरोबर, आणि जगात पहिल्या क्रमांकावर असलेली ती जोडीही पुढच्याच वर्षी वेगळी झाली. क्लेबानोवाला २०११ मध्ये कर्करोग झाला, त्यातून उठून ती परत कोर्टवर आली. तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुली किती बदलल्या कोण जाणे. हे सगळं खरं आहे. पण त्यांपैकी कोणाच्या आईने खोटा मेसेज लिहिला होता म्हणून काही त्या जोड्या मोडल्या नव्हत्या.

कोल्हापूरला ते दोघं आले होते. रात्रीच्या गाडीने, अंगावर सोलापुरी चादर गुंडाळून बाकावर बसलेली ती लेकीला दिसली तेव्हा लेकीने माझ्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही. मार्करसाहेबांनी नमस्कार केला, मीही केला. त्यांनी तिला कोल्हापूरचीच एक पार्टनर शोधून दिली होती, आणि ड्रॉमध्ये त्यांना जागाही मिळाली होती. ड्रॉ लागला. पहिल्या फेरीत, तिसऱ्या मानांकित जोडीसमोर, म्हणजे आमच्याचसमोर, त्याच दोघी.

मी वही आणली नव्हती.

पहिल्या सेटमध्ये आम्ही ४–२ पुढे. लेकीची नवी पार्टनर नेटला, लेक मागे. समोरून डावखुऱ्या हाताने एक उंच लॉब आला, नेटवरच्या मुलीच्या डोक्यावरून, सरळ बेसलाइनकडे. लेकीने मान वर करून बघितलं आणि तिच्या तोंडून निघालं, "पोयिंदी!"

नव्या पार्टनरला काहीच कळलं नाही. ती तशीच मागे वळून धावली, उडी मारून रॅकेटचा काठ लावला, आणि चेंडू आपल्याच बाजूच्या नेटमध्ये. "काय ओरडलीस तू?" ती वैतागून म्हणाली. लेक गप्प. एक क्षण कोर्टवर कोणाला काही सुचलं नाही. मग नेटच्या पलीकडे ती काटकुळी पोरगी खाली बसली, रॅकेट पोटाशी धरून, आणि हसायला लागली. तिचं बघून माझी लेकही. दोघी नेटच्या दोन बाजूंना, खांदे हलतायत, थांबत नाहीत. बाकीच्या दोघी एकमेकींकडे बघतायत. फिरते पंच दुरून विचारतायत, काय झालं, काय झालं?

जाळीपलीकडे मार्करसाहेब उभे होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेरच चाललेला हो ताई. पोरगीचं बरोबर होतं."